वसुलीवाल्याची हद्द

हप्ता थकला की पहिला फोन कर्जदाराला येतो, दुसरा आणि तिसराही त्यालाच येतो. पण पुढचा फोन जर त्याच्या मेहुण्याला, शाळेतल्या सहकाऱ्याला किंवा वाड्यावरच्या दुकानदाराला गेला, तर वसुलीने कायद्याची हद्द ओलांडलेली असते. एवढी एक खूण आपल्या लोकांनी पक्की लक्षात ठेवली, तरी गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, पेडणे या भागांत मी जे पाहत आलो आहे त्यातला बराचसा छळ जागच्या जागी ओळखता येईल.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे बँकेच्या कर्जविभागात गेली. थकबाकीदारांच्या घरी मी गेलो आहे, नोटिसाही लिहिल्या आहेत. दिलेले कर्ज परत आले पाहिजे याविषयी माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही, कारण तो पैसा ठेवीदारांचा असतो. निवृत्तीनंतर गावातले लोक नोटिसा आणि फोनवरचे मेसेज घेऊन माझ्याकडे येऊ लागले, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसली. माणसे न्यायालयाला जितकी भीत नाहीत, तितकी चार लोकांत नाव जाण्याला भितात. चवथीच्या तोंडावर दारात कोणी येऊन मोठ्याने थकबाकीचा आकडा सांगेल, या नुसत्या कल्पनेने माणूस दुसरीकडून चढ्या व्याजाने पैसे उचलून हप्ता भरतो. वसुली करणाऱ्यांना हे नेमके ठाऊक असते आणि म्हणूनच ते कर्जदारापेक्षा त्याच्या भोवतालच्या माणसांना आधी गाठतात.

येथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्यावरून फार घोळ होतो. कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून ज्याने सही केली आहे, तो कर्जदाराइतकाच देणेकरी असतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ मध्ये ते स्पष्ट आहे. त्यामुळे जामीनदाराला फोन आला, नोटीस आली, तर त्यात बेकायदा काही नाही, मात्र भाषा सभ्य हवी. याउलट, अर्जात संदर्भ म्हणून ज्याचा नाव-नंबर लिहून दिलेला असतो, त्याचे त्या कर्जाशी काहीही देणेघेणे नसते. आपल्याकडे मित्राचा नंबर लिहून देताना कोणी त्याला विचारतही नाही, आणि मग तोच मित्र सहा महिन्यांनी 'तुम्ही जामीन आहात, पैसे भरा' असे ऐकून घाबरून जातो. अशा वेळी विचारायचा प्रश्न एकच आहे: माझी सही असलेला जामीनपत्राचा कागद दाखवा. तो कागद नसेल, तर तो फोन हाच नियमभंग आहे आणि त्याची तक्रार त्या मित्रालाही करता येते.

रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांविषयीचे सविस्तर नियम एप्रिल २००८ मध्ये घालून दिले आणि १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने ते अधिक काटेकोर केले. थकलेल्या कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, अंगावर येणे, चारचौघांत अपमान करणे, कुटुंबीय, मित्र किंवा संदर्भ म्हणून नाव दिलेल्या व्यक्तींच्या खासगीपणात घुसणे, मोबाइलवर किंवा समाजमाध्यमांवर अनुचित संदेश पाठवणे, नाव न सांगता फोन करणे, एकामागून एक फोनचा मारा करणे आणि खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती देणे, या सगळ्याला त्यात मनाई आहे. एजंट बाहेरच्या कंपनीचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्या बँकेवर किंवा वित्तसंस्थेवर राहते. 'तो आमचा माणूस नाही, एजन्सीचा आहे' हे शाखेतून मिळणारे ठरावीक उत्तर म्हणूनच अजिबात मान्य करू नये.

गावागावांतून बायकांच्या गटांना दिली जाणारी सूक्ष्मकर्जे वेगळ्या नियमांत येतात, आणि ते नियम अधिक कडक आहेत. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत आहे, त्याला तारणाशिवाय दिलेले कर्ज हे सूक्ष्मकर्ज. मार्च २०२२ च्या निर्देशांनुसार यासाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुली करता येत नाही, आणि ती दोघांच्या संमतीने ठरलेल्या जागीच व्हावी लागते. ठरलेल्या जागी कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा आली नाही, तरच कर्मचारी तिच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी जाऊ शकतो. म्हणजे एका हप्त्याला न आलेल्या बाईच्या अंगणात त्याच दिवशी तिन्हीसांजेला जाऊन बसणे, आणि 'पैसे मिळाल्याशिवाय उठणार नाही' म्हणणे, हे वेळ आणि जागा या दोन्ही बाबतींत नियमाबाहेरचे आहे. त्याहून वाईट प्रकार म्हणजे गटातल्या इतर बायकांना बैठकीतून उठू न देणे. तिचा हप्ता तुम्ही भरा, नाही तर घरी जाऊ देणार नाही, असे सांगून बायकांना तासन्‌तास बसवून ठेवले जाते. मुले शाळेतून आलेली असतात, चूल पेटलेली नसते, आणि शेवटी बायका आपसांत वर्गणी काढून तो हप्ता भरतात आणि जिचा हप्ता चुकला तिच्याशी कायमचे बोलणे सोडतात. एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध जाऊ न देणे हा फौजदारी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ही गोष्ट त्या बायकांना कोणीही सांगितलेली नसते.

दारात आलेल्या माणसाकडे काय असायला हवे, हेही ठरलेले आहे. त्याच्याकडे बँकेचे किंवा एजन्सीचे ओळखपत्र, बँकेने दिलेले अधिकारपत्र आणि तुम्हाला पाठवलेल्या नोटिशीची प्रत असली पाहिजे. प्रकरण कोणत्या एजन्सीकडे दिले आहे हे बँकेने तुम्हाला आधी कळवलेले असले पाहिजे. एजंटाने ठरवून दिलेले प्रशिक्षण घेऊन इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सचे प्रमाणपत्र मिळवलेले असले पाहिजे. ओळखपत्र मागितल्यावर जो माणूस चिडतो किंवा 'हे काय तुला ओळखपत्र' म्हणून मोबाइलवरचा फोटो दुरून दाखवतो, त्याच्याशी पुढे एक शब्दही बोलण्याचे कारण नाही. पैसे द्यायचेच झाले तर कर्जखात्यात थेट भरावेत. रोख दिल्यास संस्थेची क्रमांक असलेली पावती जागेवरच घ्यावी, आणि एजंटाच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर यूपीआयने पैसे कधीही पाठवू नयेत. असे भरलेले हप्ते खात्यात कधीच जमा झाले नाहीत, अशी प्रकरणे माझ्या समोर आली आहेत, आणि अशा वेळी कर्जदाराच्या हातात काहीही नसते.

आता खोट्या बोलण्याविषयी, कारण माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त नियमभंग तिथेच होतो. हाणामारी क्वचित होते, खोटे मात्र रोज बोलले जाते. 'पणजीच्या कोर्टातून बोलतोय, वॉरंट निघाले आहे', 'संध्याकाळपर्यंत पोलीस येऊन उचलतील', 'तुमच्या मुलाची सरकारी नोकरी जाईल' ही त्यातली नेहमीची वाक्ये. कर्जाचा हप्ता न भरणे हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस कोणाला अटक करत नाहीत. न्यायालय एजंटामार्फत फोन करत नाही, समन्स पाठवते. सरकारी अधिकारी किंवा पोलीस असल्याचे सोंग करून त्या नावाखाली वागणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे. म्हणून असा फोन आल्यावर घाबरून जाण्याऐवजी बोलणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि न्यायालयाचा प्रकरण क्रमांक विचारून घ्यावा.

मात्र एक अपवाद प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. कर्ज फेडण्यासाठी दिलेला धनादेश शिल्लक नसल्यामुळे परत गेला, तर चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो. बँक खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला, तर तशीच तरतूद २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे. पण तिथेही आधी लेखी नोटीस येते, पैसे भरायला १५ दिवस मिळतात, त्यानंतर न्यायालयात तक्रार होते आणि मग समन्स निघते. अशी नोटीस आली तर ती बाजूला टाकू नये, त्याच आठवड्यात वकिलाकडे जावे. 'वसुलीवाले खोटेच बोलतात' एवढेच ऐकून काही लोक खऱ्या नोटिसाही उघडत नाहीत, आणि ते नुकसान मोठे असते.

लोकअदालतीच्या नावानेही असाच घोळ घातला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर तराजूचे चित्र आणि लाल शिक्का असलेला कागद येतो, 'हजर न राहिल्यास कारवाई' असे खाली ठळक लिहिलेले असते. लोकअदालत खरी असते आणि तिथे चांगली तडजोडही होऊ शकते, पण दावा दाखल होण्याआधीच्या प्रकरणात ती केवळ समेटाची जागा असते. तिथे न गेल्याने वॉरंट निघत नाही. गेल्यावर मात्र पटल्याशिवाय सही करू नये, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. आलेला कागद खरा आहे की नाही, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारता येते.

वाहनांचा विषय गोव्यात वेगळ्या तीव्रतेचा आहे. २०१२ साली खाणी थांबल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागांत दारादारांत उभ्या राहिलेल्या ट्रकांचे हप्ते कोठून भरायचे, हा प्रश्न शेकडो घरांसमोर आला. 'गाडी उचलणारे' हा शब्दप्रयोग आमच्याकडच्या मुलांच्या तोंडीसुद्धा तेव्हापासून बसला. आता तीच माणसे भाड्याने देण्याच्या स्कूटरी आणि टॅक्सी यांच्यामागे असतात. कर्जाच्या करारात वाहन ताब्यात घेण्याचे कलम असू शकते आणि ते वैधही असते. परंतु त्या कलमात किती दिवसांची नोटीस देणार, कोणत्या परिस्थितीत ती न देता ताबा घेणार, ताब्याची पद्धत काय, विक्रीआधी पैसे भरण्याची शेवटची संधी कशी मिळेल आणि वाहन परत कसे मिळेल, हे लिहिलेले असावे असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात बँकांनी दांडगाईने वाहने उचलण्यावर कठोर शब्दांत टीका केली, आणि २०११ मध्ये सिटीकॉर्प मारुती फायनान्स विरुद्ध एस. विजयालक्ष्मी या प्रकरणात हप्ते थकले असले तरी ताबा कायदेशीर मार्गानेच घेतला पाहिजे असे स्पष्ट केले. मे २०२३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयानेही एजंटांकरवी जबरदस्तीने वाहने उचलणे हे जगण्याच्या आणि उपजीविकेच्या मूलभूत हक्काचे उल्लंघन ठरवले.

नियम असा असला तरी रस्त्यावर प्रत्यक्षात काय घडते, ते आमच्या शेजारच्या गावातल्या एका तरुणाच्या प्रकरणात मी जवळून पाहिले. पेट्रोल पंपावर टाकीचे झाकण उघडण्यासाठी तो उतरला, तेवढ्यात दोघांनी स्कूटरची किल्ली काढून घेतली आणि त्याला म्हापशाच्या बाहेर एका यार्डात नेले. तिथे टेबलावर इंग्रजीत छापलेला एक कागद त्याच्यापुढे सरकवण्यात आला. 'गाडी मिळाल्याची पोच आहे, सही करा, मग साहेबांशी बोलू' असे त्याला सांगितले. त्याने सही केली. तो कागद त्याने माझ्याकडे आणला तेव्हा मी वाचून दाखवला. त्यात तो स्वखुशीने, कोणत्याही दबावाविना वाहन परत करत आहे आणि विक्रीनंतर बाकी राहिलेली रक्कमही भरील असे लिहिले होते. तारखेची जागा कोरी होती, गाडीच्या स्थितीच्या रकान्यात 'बॅटरी नाही, टायर झिजलेले' असे आधीच खरडलेले होते, आणि ती बॅटरी त्याने नुकतीच नवी बसवली होती. सीटखालच्या कप्प्यातली विम्याची आणि परवान्याची कागदपत्रे कोठेही नोंदलेली नव्हती.

या एका कागदावर पुढची सगळी लढाई फिरते. बळजबरीने नेलेली गाडी त्या सहीमुळे कागदोपत्री स्वेच्छेने दिलेली ठरते, तिची किंमत मनाला येईल तशी लावता येते, आणि उरलेल्या रकमेसाठी पुन्हा फोन सुरू होतात. बिगर-बँक वित्तसंस्थांनी कर्जदाराशी त्याला समजणाऱ्या भाषेत पत्रव्यवहार करावा, असे त्यांच्यासाठीच्या न्याय्य व्यवहार संहितेत सांगितलेले आहे. म्हणून न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करायला नकार देणे हा कर्जदाराचा आडमुठेपणा ठरत नाही. रस्त्यात अडवले तर किल्ली देऊ नये, गाडीतून उतरू नये, ११२ वर फोन करावा आणि माणसांचा, त्यांच्या वाहनाच्या नंबराचा व्हिडिओ घ्यावा. गाडी गेलीच, तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात आणि वित्तसंस्थेला लेखी कळवावे की ती माझ्या इच्छेविरुद्ध नेली आहे, आणि गाडीत काय काय होते त्याची यादी जोडावी. त्या तरुणाने सही केल्यावरही दुसऱ्याच दिवशी असे पत्र दिले होते, आणि त्याच्या आधारानेच विक्री थांबवून हप्ते पुन्हा बांधून घेता आले.

घरातल्या वस्तू उचलून नेण्याच्या धमकीला तर काहीच आधार नसतो. फ्रिज, टीव्ही, शिलाई मशीन यांना एजंट हातही लावू शकत नाही. जप्ती फक्त न्यायालयाच्या हुकमाने होते, आणि तीही बेलगाम नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धर्मरूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने जप्त करता येत नाहीत. म्हणजे प्रत्यक्ष न्यायालयाचा बेलीफ ज्या मंगळसूत्राला हात लावू शकत नाही, ते विकून हप्ता भर असे एजंट बिनदिक्कत सुनावतो. त्याच संहितेच्या कलम ६२ प्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. शंभराहून अधिक वर्षे जुना असलेला हा कायदा माणसाच्या घराची आणि प्रतिष्ठेची एवढी कदर करतो, हे वाचून मला आजही बरे वाटते.

घर तारण असेल तर मात्र सावध राहावे, कारण तिथे बँकेला खरोखरच मोठे अधिकार आहेत. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, हप्ते ९० दिवसांहून अधिक थकून खाते अनुत्पादित ठरल्यावर बँक ६० दिवसांची मागणी नोटीस देते, त्यावर तुम्ही लेखी हरकत घेऊ शकता, आणि मग ताब्याची कारवाई होते. ताब्याविरुद्ध ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. प्रत्यक्ष ताब्यासाठी मदत लागली तर बँकेला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. शेतजमिनीला हा कायदा लागू होत नाही. नोटीस नाही, मुदत नाही, आणि चार माणसे येऊन दाराला कुलूप घालतात, तर ते घरात घुसलेले परके लोक आहेत असेच समजावे. गोव्यात आणखी एक मुद्दा निघतो. लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर आपल्या नागरी कायद्याप्रमाणे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि याचाच धागा पकडून 'नवऱ्याचे कर्ज तुम्हीच फेडायचे' असे बायकोला सांगितले जाते. कोणते कर्ज सामाईक आणि कोणते एकट्याचे, हा न्यायालयाने पुराव्यावर ठरवायचा प्रश्न आहे. तो फोनवरून ठरवण्याचा अधिकार एजंटाला नाही.

मोबाइलवरच्या कर्ज अ‍ॅपविषयी थोडक्यात. रिझर्व्ह बँकेचे नियम पाळणाऱ्या अ‍ॅपला तुमच्या फोनमधली संपर्कयादी, फोटो आणि कॉलची नोंद पाहता येत नाही. कॅमेरा किंवा ठिकाणाची माहिती ओळख पटवण्यासाठी एकदाच आणि संमतीने घेता येते. कर्जाची रक्कम थेट कर्ज देणाऱ्या संस्थेकडून तुमच्या खात्यात यावी लागते, आणि वसुलीसाठी एजंट नेमला तर त्याचे नाव त्याने संपर्क साधण्याआधी तुम्हाला कळवावे लागते. संपर्कयादीची परवानगी मागणारे अ‍ॅप त्या क्षणी काढून टाकावे. कोणी फोटोत फेरफार करून तो नातेवाइकांना पाठवण्याची धमकी दिली, तर एक रुपयाही न देता १९३० वर किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करावी, कारण एकदा पैसे दिले की मागणी वाढतच जाते.

सहकारी पतसंस्थांची वसुली रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही. तिथली तक्रार सहकार निबंधकांकडे जाते. खासगी सावकाराला गोवा सावकारी कायद्याखाली परवाना लागतो, आणि परवाना नसलेल्याने सह्या करून घेतलेले कोरे धनादेश आणि मुद्रांक हा स्वतंत्र तक्रारीचा विषय आहे.

दिवसा सभ्यपणे केलेला फोन, पूर्वसूचना देऊन आलेला कर्मचारी, वकिलाची नोटीस, दिवाणी दावा, कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या सिबिलसारख्या संस्थेकडे थकबाकीची नोंद, यांतले काहीही बेकायदा नाही. थकलेल्या हप्त्याची नोंद करणे तर संस्थेचे कर्तव्यच आहे. अशा नोंदीविरुद्ध तक्रार केल्याने खऱ्या तक्रारीचे वजन कमी होते. दंडाच्या आकारणीत मात्र लक्ष घालावे. ऑगस्ट २०२३ च्या सूचनेनंतर उशिराबद्दल दंडव्याज लावता येत नाही, फक्त दंडशुल्क लावता येते आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. एजंटाने सांगितलेला आकडा आणि खातेउतारा यांचा मेळ बसत नाही असे दिसले, तर उतारा लेखी मागावा.

नियमभंग ओळखला, पण त्याची नोंद ठेवली नाही, तर पुढे काहीच हाती लागत नाही. एक साधी वही करावी आणि तीत तारीख, वेळ, नंबर, बोलणाऱ्याने सांगितलेले नाव आणि त्याचे नेमके शब्द लिहावेत. फोनचे रेकॉर्डिंग आणि मेसेज मूळ फोनमध्येच ठेवावेत, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा पुराव्याला प्रमाणपत्र जोडावे लागते आणि तेव्हा मूळ साधन हाताशी असलेले बरे. पहिली तक्रार बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, लेखी आणि पोच घेऊन. तिचा एक ताबडतोबीचा फायदा लोकांना माहीत नसतो: कर्जदाराची तक्रार प्रलंबित असताना तिचा निकाल लागेपर्यंत बँकेने प्रकरण वसुली एजन्सीकडे पाठवू नये, असे २००८ पासूनच्या नियमांत आहे. तक्रार केवळ वेळकाढूपणाची असल्याचे बँकेला दाखवता आले, तर मात्र हे संरक्षण राहत नाही.

३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. ती रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर भरता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे, आणि ज्यांना पोर्टल जमत नाही त्यांनी चंदीगडच्या केंद्राकडे टपालाने पाठवावी. तिथे कोणत्याही भाषेतले पत्र स्वीकारले जाते, त्यामुळे मराठीत लिहायला संकोच करू नये. पैशांच्या नुकसानीखेरीज मनस्तापाबद्दलही भरपाई देण्याची तरतूद त्या योजनेत आहे. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे उत्तर गोव्यातल्यांना पर्वरीला आणि दक्षिण गोव्यातल्यांना मडगावला. एकाच कारणासाठी लोकपाल आणि ग्राहक आयोग हे दोन्ही मार्ग एकाच वेळी चालत नाहीत, म्हणून निवड विचारपूर्वक करावी. पोलीस तक्रार मात्र लोकपालाच्या आड येत नाही.

पोलीस ठाण्यात 'हे सिव्हिल मॅटर आहे' हे उत्तर हमखास मिळते. पैसे दिवाणी आहेत, हे मान्य करावे आणि तिथेच शांतपणे सांगावे की आपण पैशांविषयी आलेलो नाही. धमकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१, खंडणीसाठी ३०८, घरात घुसण्यासाठी ३२९, आणि बाईला उद्देशून अश्लील शब्द वापरले तर ७९ आहे. तक्रारीच्या अर्जात कर्जाचा इतिहास चार पानांत लिहिण्याऐवजी कोणत्या दिवशी कोण काय बोलला ते आधी लिहावे. तरीही नोंद झाली नाही, तर तोच अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. बायकांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. गटकर्जाच्या छळात अडकलेल्या बायकांना मी सगळ्यांत आधी हाच क्रमांक लिहून देतो.

तडजोड ठरली तर ती तोंडी ठेवू नये. किती रकमेत, कोणत्या तारखेपर्यंत, आणि खाते 'पूर्ण फेड' म्हणून बंद होणार की 'तडजोड' म्हणून, हे संस्थेच्या पत्रावर आल्याशिवाय पैसे भरू नयेत. या दोन नोंदींचा सिबिलवरचा परिणाम वेगळा असतो, आणि नवीन कर्ज मागायला गेल्यावरच तो लोकांना कळतो. पूर्ण फेड झाल्यावर घराची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. संस्थेच्या दोषाने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देण्याचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. वाहनाच्या बाबतीत ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन वाहतूक खात्याच्या कार्यालयात आरसीवरचा, म्हणजे वाहनाच्या नोंदणीपत्रावरचा, कर्जाचा बोजा उतरवून घ्यावा, कारण तो राहिला तर बंद झालेल्या कर्जासाठीही कोणीतरी एजंट जुनी यादी हातात धरून पुन्हा तीच गाडी अडवू शकतो.